नाताळची 'भेट' आणि डब्यातले आळसांदे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत माझी धाकटी बहीण पोराला घेऊन आठ दिवस माहेरी गोव्यात डिचोलीला राहायला आली होती, आणि त्या आठ दिवसांत फोनवरच्या गेममधल्या पैसे खाणाऱ्या चक्राबद्दल तेरा वर्षांच्या भाच्याकडून मी जे शिकलो आणि त्याला जे थोडंफार शिकवलं त्याबद्दल हे पत्र लिहितोय, लांबलं तर कापा पण मधला हिशोब तेवढा कापू नका.

भाचा खाटेवर उपडा पडून फोनमध्ये. बाहेर आंब्याला मोहोर, आत पंखा फुल्ल, आणि फोनच्या स्क्रीनवर मात्र धो धो बर्फ पडतोय, लाल टोपीवाला म्हातारा हसतोय, आणि मधोमध एक मोठं चक्र, वर लिहिलंय नाताळची भेट. चक्राला आठ घरं, एका घरात सोनेरी जाकीट, बाकी सात घरांत किरकोळ वस्तू, टोपी, फुगे, कसले तरी तुकडे जे पन्नास जमवले की एक बूट मिळतो असं काहीतरी. पहिली फिरकी फुकट. मग पुढच्या फिरक्यांना डायमंड लागतात आणि डायमंडला पैसे लागतात. काटा गरागरा फिरून मंद होत होत सोनेरी घरापाशी येतो, आता थांबतो की मग थांबतो, आणि केसभर पुढे सरकून फुग्यावर बसतो. पोरगा ओरडतोय, "मामा, आतां मेळटलें, पळय तूं!" (आता मिळेल, बघ तू!) मी पण बघत बसलो, खोटं का सांगू, माझा पण जीव वर खाली होत होता.

तिसऱ्या दिवशी कळलं की भाऊबीजेची ओवाळणी आणि आजीने दिलेले मिळून जे १५०० रुपये बहिणीने त्याच्यासाठी म्हणून फोनवर ठेवले होते ते जवळजवळ सगळे गेले, ६० रुपये उरले. चोरी नाही, लबाडी नाही, पैसे त्याचेच होते. घरात आरडाओरडा झाला तो झाला, तो मी इथे सांगत नाही. पण आयुष्यभर दुकानाच्या वह्या लिहिलेला माणूस मी, मला हिशोब बघितल्याशिवाय झोप येईना, म्हणून रात्री त्याला शेजारी बसवलं.

तर हिशोब असा. एक फिरकी ६० डायमंडची, पण पॅक मिळतं १०० चं, ८० रुपयांना. १०० घेतले, एक फिरकी मारली, ४० उरले. आता ते ४० वाया कशाला घालवायचे म्हणून दुसरं पॅक, त्यात दोन फिरक्या आणि २० उरले. मग तिसरं. तीन पॅक घेतली की पाच फिरक्या होतात आणि खातं शून्यावर येतं, तोपर्यंत दर वेळी काहीतरी शिल्लक राहून हाताला ओढतंच. हे कोणी चुकून ठरवलेलं नाही, ६० ची वस्तू ६० च्या पॅकात विकायला काय झालं होतं? म्हणजे फिरकी पडली ४८ रुपयांना आणि पोराने मारल्या ३० फिरक्या.

आता तो मला म्हणतो, मामा आठ घरं आहेत ना, मग आठात एकदा तरी यायला पाहिजे होतं, तीसमध्ये तीन-चार वेळा. बरोबरच आहे त्याचं, चित्र तर तसंच काढलंय, आठही घरं एका मापाची. मी चष्मा लावून शोधलं तेव्हा कोपऱ्यात प्रश्नचिन्हाचा एक बारीक गोळा सापडला, त्याच्यात इंग्रजीत दोन पानं मजकूर आणि त्याच्या खाली तक्ता, सोनेरी जाकीट ०.५ टक्के. दोनशेत एक. हे चक्र खरं काढायचं झालं तर ३६० अंशांपैकी सोनेरी घराला १.८ अंश येतात. घड्याळात एका मिनिटाचं घर ६ अंशांचं असतं, त्यात असली तीन घरं मावतील. इतकी बारीक रेघ चक्रावर दिसली असती तर पोरानेच फोन ठेवला असता.

आणि तो काटा. काटा जिथे थांबतो त्याचा निकालाशी काही संबंध नसतो हो, बटण दाबल्याबरोबर कंपनीच्या सर्व्हरवर आकडा पडतो, तक्त्याप्रमाणे काय द्यायचं ते ठरतं, आणि मग आपल्याला दाखवायला काटा फिरवतात. केसभराने हुकलं हे सुद्धा नाटकच, काटा सोनेरी घराच्या शेजारी थांबवायचा की लांब हे काढणाऱ्याच्या हातात आहे. पोराला कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेलं की रात्री बरोब्बर १२ वाजता फिरवायचं, दोनदा ॲप बंद करून उघडायचं, नवीन खातं असेल तर नशीब जास्त. आमच्या वेळी मटक्याचे आकडे स्वप्नात बघणारे होते, त्यातलाच प्रकार. मटक्याला मी चांगलं म्हणत नाही पण टपरीवरचा माणूस निदान भाव तोंडावर सांगायचा, दहा आकड्यांतला एक लागला तर रुपयाला नऊ, म्हणजे दहावा त्याच्या खिशात, लपवाछपवी नाही.

टक्के वगैरे पोराच्या डोक्यात शिरेनात, मग स्वयंपाकघरातून आळसांद्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या चवळीच्या दाण्यांचा, डबा आणला. दोनशे मोजायचा कंटाळा आला म्हणून शंभरच घेतले, म्हणजे कंपनीपेक्षा मी त्याला दुप्पट सवलत दिली. त्यातल्या एकाला बहिणीचं लाल नेलपॉलिश लावलं. (आधी लाल मणी घातला होता, पण गडी बोटाने चाचपून काढायला लागला.) डोळे मिटून एक काढायचा, बघायचा, परत डब्यात टाकायचा, डबा हलवायचा. पहिल्या शंभर वेळांत लाल आलाच नाही. दुसऱ्या शंभरात तेविसाव्याला आला आणि नंतर गायब. तिसऱ्या खेपेला साठावर त्यानेच डबा खाली ठेवला.

मधेच त्याने विचारलं, मामा काढलेला परत का टाकायचा, बाजूला ठेवा की, म्हणजे कधी ना कधी लाल येणारच. आणि इथेच सगळी मेख आहे. आमच्या गणेशोत्सव मंडळाची देणगी कुपनं असतात, बहुतेक वाचकांनी कुठल्या ना कुठल्या मंडळाची फाडली असतीलच, पहिलं बक्षीस गाडी, दुसरं स्कूटर, शेवटची दहा मिक्सर. ड्रममधनं सगळ्यांसमोर एक लहान मूल चिठ्ठी काढतं आणि काढलेली चिठ्ठी परत आत जात नाही. २० हजार कुपनं असतील आणि एखाद्याने वेडेपणाने सगळीच घेतली तर गाडी त्याचीच, काही करून त्याचीच. गेममध्ये तसं नाही, तिथे दर फिरकीनंतर आळसांदा परत डब्यात जातो. डब्याला आठवण नसते. तुम्ही १९९ वेळा हरला म्हणून दोनशेव्या वेळेला तुमची दया येत नाही, तेव्हा पण ०.५ टक्केच.

दोनशेत एक म्हणजे दोनशे फिरक्यांत एक नक्की असं पोरांनाच काय मोठ्यांनाही वाटतं. गुणाकार करून बघा, दोनशे फिरक्या मारलेल्या शंभर पोरांतली ३७ तरीही रिकाम्या हाताने परत येतात. चाळीसच्या वर्गात पंधरा. आणि दोनशे फिरक्या म्हणजे ९६०० रुपये, फोनातल्या जाकिटासाठी, जे अंगात घालता येत नाही की विकता येत नाही. ३० फिरक्यांत मिळायची शक्यता शंभरात १४, म्हणजे आमच्या पोराला मिळालं नाही यात त्याचं नशीब वाईट वगैरे काही नाही, शंभरातल्या ८६ जणांचं तेच होणार होतं. हे कळल्यावर त्याचं तोंड जरा उजळलं, तोपर्यंत तो स्वतःला पनवती समजत होता.

काही गेममध्ये अमुक इतक्या फिरक्यांनंतर बक्षीस नक्की, अशी सोय असते, ती बरी. पण सणाच्या इव्हेंटला घड्याळ लावलेलं असतं, तारीख संपली की कित्येकदा मोजलेल्या फिरक्या पण शून्यावर जातात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत पोरं आईबापांच्या मागे लागतात. नाताळ, दिवाळी, होळी, कंपनीला सगळे सण सारखेच, त्या बाबतीत ते आपल्यापेक्षा सर्वधर्मसमभावी.

आता गोव्यात राहून जुगारावर प्रवचन देणं म्हणजे हसू येईल लोकांना. १९७६ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा आपल्याकडे आहे, त्यातच १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनना वाट काढून दिली आणि मग कॅसिनोच्या जहाजांना, ती मांडवी नदीत उभी आहेत ती आहेतच. पण तिथे सुद्धा २१ वर्षांखालच्याला आत घेत नाहीत आणि गोंयकाराला तर फेब्रुवारी २०२० पासून खेळायलाच बंदी. शिवाय तिथल्या एका शून्याच्या रुलेटच्या, म्हणजे गोळी टाकून आकडा काढायच्या, चाकावर ३७ घरं असतात, ती दिसतात तेवढीच सारखी असतात, गोळी खरीखुरी पडते, आणि भाव ठरलेला असतो, रुपयाला छत्तीस द्यायचे तिथे पस्तीस का असेना. चाकाचंच सोंग घेऊन घरांची मापं खोटी दाखवायची हे कॅसिनोवाल्याने केलं तर बोंबाबोंब होईल, आणि तेरा वर्षांच्या पोराच्या फोनात चालतं.

बाहेरच्या देशांनी हे आधीच ओळखलंय. जपानमध्ये तर २०१२ मध्येच सोडतीतनं ठराविक वस्तूंचा पूर्ण संच जमवला की मोठं बक्षीस, हा प्रकार बंद केला, कारण संचातली शेवटची वस्तू मिळता मिळत नाही (सहा वस्तूंचा संच सारख्या नशिबाने जमवायलाही सरासरी १५ फिरक्या लागतात, पोराच्या बुटाचे तुकडे आठवा). चीनने मे २०१७ पासून शक्यतेचे आकडे जाहीर करायला लावले, ॲपलने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या स्टोअरला तो नियम केला, आणि बेल्जियमने २०१८ मध्ये गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या पेट्या, ज्यांत काय निघेल ते नशिबावर, त्या जुगारच आहेत असं सरळ सांगितलं. दक्षिण कोरियाची गोष्ट तर सांगण्यासारखी, तिथे नेक्सॉन कंपनीने मेपलस्टोरी गेममध्ये शक्यता गुपचूप कमी केल्या म्हणून जानेवारी २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने साधारण ११६० कोटी वॉन दंड ठोठावला आणि मार्चपासून आकडे जाहीर करणं कायद्यानेच सक्तीचं झालं. म्हणजे तक्ता छापलेला असला तरी तो खरा आहे का हे बघणारा पण कोणीतरी लागतो.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून पैसे जिंकायचे गेम त्याने बंद केले, चांगलं झालं. पण सोनेरी जाकीट रोख पैशात काढता येत नाही, म्हणून आमचा हा जुगारच नव्हे असं कंपनी म्हणणार, मग ते १४४० रुपये कुठल्या खात्यात धरायचे? मला बंदी नको आहे. बंदी घातली की पोरं दुसऱ्या वाटेने जातात, आपणही गेलोच. मला एवढंच पाहिजे की फिरकीच्या बटणावरच, जेवढ्या मोठ्या अक्षरात 'भेट' लिहिलंय तेवढ्याच अक्षरात, मराठीत आणि कोंकणीत लिहा, दोनशेत एक, फिरकी ४८ रुपये. डायमंड नको, रुपये. आणि चक्र काढायचं तर घरं खऱ्या मापाची काढा. आमदार खासदार हे वाचत असतील तर बघा बाबा, यात खर्च काहीच नाही. आणि भेट हा शब्द तेवढा काढा, भेट देणारा माणूस समोरच्याकडनं आधी पैसे घेत नाही.

हे सगळं मी भाच्याला मोठ्या ऐटीत ऐकवलं. ऐकून घेतलं त्याने शांतपणे आणि मग कपाटावर खोचलेलं गेल्या चवथीचं (गणेश चतुर्थीचं) आमच्या मंडळाचं कुपन काढून उलटसुलट केलं. म्हणतो, मामा, ह्याच्यावर तरी कुठे लिहिलंय एकूण किती छापली ते?

नाहीच लिहिलेलं. मी बावीस वर्षं मंडळात आहे आणि माझ्या कधी डोक्यात आलं नाही. बायको आतून म्हणाली, एवढ्या वर्षांत एक मिक्सर सुद्धा नाही आला घरात, ते पण सांग पेपरात. सांगितलं.

गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला की येत्या चवथीला कुपनाच्या मागे एकूण संख्या छापायची. दोघे-तिघे हो म्हणाले. खजिनदार बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, छापू की, पण जी विकली जात नाहीत ती ड्रममध्ये टाकायची की नाही ते पण छापायचं का? त्यावर सगळेच गप्प. चहा आला. पुढची मीटिंग महिनाअखेरीला आहे.

आपला,
एक मामा, डिचोली