आजार कोणता, तेवढं नीट लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आलेलं, एका समलैंगिक लेखकाच्या आत्मकथनाचं परीक्षण वाचलं. पुस्तक मी दोनदा वाचलंय. तुमचे परीक्षक लिहितात, लेखक ‘या आजारातून’ बाहेर आला. कोणत्या आजारातून? पुस्तकात आजार एकच आहे, नैराश्य. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच आजारांच्या यादीतून काढली.

हा शब्दांचा कीस नाही. १९९६ साली माझ्या धाकट्या भावाला वडील पुण्यातल्या एका नामांकित डॉक्टरांकडे घेऊन गेले. भाऊ एकवीस वर्षांचा. आठ-आठ दिवस अंघोळ नाही, वाढलेलं ताट तसंच वाळायचं. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि वडिलांना सांगितलं, “लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर.” न जेवण्याबद्दल, न झोपण्याबद्दल चकार शब्द नाही. परतीच्या एसटीतच स्थळं बघायचं ठरलं. तिसऱ्या स्थळाच्या आदल्या रात्री आईला जाग आली म्हणून भाऊ वाचला. याहून जास्त लिहीत नाही.

पुढे सातारच्या एका डॉक्टरीणबाईंनी फक्त नैराश्यावर औषधं दिली. सहा-सात महिन्यांत तो पंगतीत बसून जेवायला लागला. मुलगे त्याला आधीही आवडायचे, नंतरही आवडत राहिले. ‘बदलून टाकणारे’ उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ठरवलं ते २०२२ मध्ये. आमच्या घराला सव्वीस वर्षं उशीर झाला.

‘इतकं खासगी लिहायची गरज होती का’, असंही परीक्षकांनी विचारलंय. होती. वडील रोज रात्री कंदिलासारखा पिवळा दिवा लावून वाचत बसायचे. असं पुस्तक तेव्हा घरात असतं तर त्यांनी ते नक्की वाचलं असतं. “मला कुणी सांगितलंच नाही रे,” असं ते भावाला शेवटच्या आजारपणातही म्हणत होते. भावाने या पुस्तकाची त्याची प्रत मला पाठवलीय. होस्टेलची पोरं टिंगल करतात आणि लेखकही त्यांच्यासोबत हसतो, त्या पानाच्या कडेला भावाने पेन्सिलीने लिहिलंय, ‘मी पण’.

आणखी एक. आत्महत्येच्या बातम्या तुम्ही गळफासाच्या तपशिलासकट छापता. गेल्या आठवड्यातही छापली. त्याखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यायला एक ओळ लागते. ती द्या.

माझं नाव छापू नये. भावाला अजून विचारलेलं नाही.

आपली,
एक वाचक, सातारा