तिकिटाच्या पैशांत किती गवंडी

ब्लँटायरजवळ, मलावी
जुलै

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सप्रेम सलाम.

बाबा, निघायच्या आधी तुम्ही विचारलंत, "विमानाला एवढे पैसे घालून तुम्ही मलावीत चर्च बांधायला, विटा उचलायला जाणार. त्याच पैशांत तिथले किती गवंडी कामाला लागले असते?" प्रश्न बरोबर आहे. ग्लासगोच्या आमच्या चर्चच्या बैठकीतही मी तो तसाच मांडला होता. पण त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आधी इथं काय झालं ते सांगते. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी नावाचं चक्रीवादळ दक्षिण मलावीवर आलं. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला उठून अख्खा हिंदी महासागर ओलांडत महिनाभराहून जास्त काळ ते टिकलं होतं. ब्लँटायरच्या आसपासचे डोंगरउतार घरांवर आले. देशात हजाराहून जास्त माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. इथल्या मंडळीचं, म्हणजे इथं उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं, जुनं चर्च मातीत सांधलेल्या विटांचं होतं. पाऊस आडवा लागला, सांधे धुपले, वाऱ्यानं पत्रे उचलले आणि पाठोपाठ भिंत गेली. तेव्हापासून उपासना आंब्याच्या झाडाखाली होते, पाऊस असला की शाळेच्या वर्गात.

आमची ग्लासगोची मंडळी आणि ही मंडळी यांची जोडी खूप वर्षांची आहे. स्कॉटिश मिशननं १८७६ मध्ये इथं वस्ती केली आणि डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या जन्मगावावरून तिला ब्लँटायर नाव दिलं. ते मूळ ब्लँटायर ग्लासगोपासून अगदी जवळ आहे. आता मात्र पारडं फिरलंय. इथं रविवारी बसायला जागा पुरत नाही, आणि तिकडे आमचं चर्च विकायला काढलंय. चर्च ऑफ स्कॉटलंड शेजारशेजारच्या मंडळ्या एकत्र करून इमारती कमी करत आहे. माणसं उरली नाहीत, छपरांची डागडुजी परवडत नाही. आमच्या तुकडीत एक पंचाहत्तरीचे सुतारकाका आहेत. त्यांचं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, बायकोचा अंत्यविधी, सगळं त्याच चर्चमध्ये झालं. विकल्यावर तिथं फ्लॅट होणार, ते त्यांना बघवणार नाही. इथं ते दिवसभर खिडक्यांच्या चौकटी रंधतात, आणि दोन तरुण पोरं त्यांच्या हाताखाली शिकतात. जेवायला हाक मारली तरी तिघं लवकर उठत नाहीत.

आता तुमचा हिशेब. गेल्या वर्षी इथले पाळक (धर्मगुरू) आणि मंडळीचा कारभार बघणारे दोन वडील ग्लासगोला आले होते. आमच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ते रोज जायचे, बसायचे, प्रार्थना करायचे. तेव्हा आम्ही विचारलं, चर्चसाठी काय करू? त्यांनी अटी घालून सांगितलं. गवंड्यांची मजुरी आणि सिमेंटचे पैसे आधी येऊ द्या, माणसं मागाहून. तुम्ही आलात म्हणून इथल्या एकाही गवंड्याचा खाडा होता कामा नये. काम आमच्या मुख्य गवंड्याच्या हुकमाखाली चालेल. या तिन्ही अटी आम्ही पाळल्या. तिकिटं ज्यानं त्यानं आपल्या खिशातून काढली, मी त्यासाठी जादा ड्यूट्या केल्या. तरीही तेवढ्या रकमेत आणखी गवंडी लागले असते, हे मी नाकारत नाही. पण 'या' असं त्यांनीच म्हटलं होतं. नुसते पैसे पाठवून घरी बसलो असतो तर दात्यांच्या यादीत गेलो असतो, पाहुण्यांत नाही. आणि त्यांना पाहुणे हवे होते, यावर माझा पूर्ण विश्वास बसलाय.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर टेम्पो भरभरून जुने कपडे आले आणि रस्त्याच्या कडेला कुजत पडले. कुणाला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि माण तालुक्यातली ती पोरं आठवतात? दुष्काळी मुलखातली पोरं फावडी, खराटे घेऊन आली, दारात उभी राहून म्हणाली, "काकू, कुठून सुरुवात करू?" आईनं त्यांना आधी स्वयंपाकघरातला चिखल काढायला लावला. इथं येताना माझ्या मनात तीच पोरं होती. रोज सकाळी मुख्य गवंड्यापुढं उभी राहून मी तेच विचारते.

ते तुमच्याच वयाचे असतील. बोलणं कमी, ओळंबा सतत हातात. आम्हाला त्यांनी दर्शनी भिंतीला हात लावू दिलेला नाही, आणि ते योग्यच आहे. मी मिश्रण कालवते, ठोकळे वाहते, पाणी मारते. मंडळीतल्या बायका पहाटेच डोक्यावरून पाणी आणून पिंपं भरून ठेवतात. त्यांच्यापैकी कुणाला मजुरी नाही, ती त्यांची वर्गणी आहे.

तुम्हाला आवडेल म्हणून ठोकळ्यांचं सविस्तर लिहिते. इथं वर्षानुवर्षं लाकूड जाळून भट्टीत विटा भाजल्या, डोंगर बोडके झाले, आणि बोडका डोंगर पावसात धरून राहत नाही. म्हणून हे चर्च न भाजलेल्या ठोकळ्यांचं आहे. लाल माती चाळायची, दहा-बारा घमेल्यांना एक घमेलं सिमेंट, पाणी अगदी बेतानं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, टाकला तर फुटावा. मग हातानं दाबायच्या यंत्रात घालून दांडा ओढायचा. ठोकळा निघाला की सावलीत रचायचा, गवतानं झाकायचा आणि आठवडाभर ओला ठेवायचा. माती चालेल की नाही हे ते बाटलीत बघतात. माती-पाणी हलवून ठेवलं की वाळू तळाशी, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती बसते. आपल्या काळ्या मातीला हे जमणार नाही, ती फुगते आणि तडकते. पण आपल्याकडच्या मुरमाड भागात करून बघण्यासारखं आहे. दादाला सांगा.

परवा कामाला सुट्टी होती, तेव्हा ब्लँटायरमधलं सेंट मायकल्स चर्च बघितलं. १८८८ ते १८९१ या काळात बांधलेलं, कमानी-घुमटांचं, विटांचं. क्लेमेंट स्कॉट या मिशनऱ्यानं वास्तुकलेचं शिक्षण नसताना ते उभारलं, असं सगळे कौतुकानं सांगतात. कौतुक खरंच आहे. पण विटा पाडणारे, कमानी वळवणारे हात इथल्याच माणसांचे होते, आणि त्यांची नावं कुणी घेत नाही. मला मिरज आठवली. मिशन हॉस्पिटल म्हटलं की आपण ते उभारणारे डॉ. वानलेस, १८९४ साल, फिलाडेल्फियाच्या दात्याची देणगी एवढं घडाघडा सांगतो. दगड कुणी घडवले, चुना कुणी मळला? तुम्ही आयुष्यभर बांधलेल्या घरांवरही मालकाचंच नाव आहे, बाबा.

ब्लँटायरच्या ईशान्येला चिराडझुलु म्हणून भाग आहे. तिथं जॉन चिलेंब्वे या इथल्याच पाळकानं आपल्या माणसांना घेऊन विटांचं मोठं चर्च बांधलं, ते १९१३ मध्ये पूर्ण झालं. मळ्यांवरची जुलमी वेठ आणि इंग्रजांच्या लढाईत मरायला पाठवलेली माणसं पाहून १९१५ च्या जानेवारीत त्यांनी उठाव केला. उठाव मोडला, ते मारले गेले, आणि सरकारनं ते चर्च सुरुंग लावून पाडलं. पुढं लोकांनी ते पुन्हा बांधलं. आज चिलेंब्वेंचं चित्र इथल्या नोटेवर आहे आणि १५ जानेवारीला देशाला सुट्टी असते. मुख्य गवंड्यांनी हे सगळं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, आणि नोट काढून दाखवली. म्हणून कुणी जर आपल्या मंडळीत सांगू लागलं की ग्लासगोवाल्यांनी आफ्रिकेत चर्च बांधून दिलं, तर आई, तू तिथंच उठून बोल. इथली मंडळी बांधते आहे, आम्ही हाताखाली आहोत.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. मक्याच्या पिठाचं न्सिमा असतं, आपल्या घट्ट उकडीसारखं, आणि त्याच्याबरोबर भोपळ्याच्या पाल्याची भाजी. त्या भाजीत शेंगदाण्याचा कूट घालतात! पहिल्या घासाला मला भरूनच आलं. कधी तळ्यातली बारीक वाळवलेली मासळीही असते. थंडी चांगलीच आहे, इथं आता हिवाळा. तुझी शाल रात्री अंगावर घेते.

पाळकांना एक निरोप द्या. पुढच्या वर्षी परदेशातली तुकडी आपल्या सभागृहाच्या कामाला येऊ म्हणते आहे ना? पंचांनी या मंडळीसारख्याच अटी आधी कागदावर घालाव्यात. भिडेपोटी 'काहीही चालेल' म्हणू नये. आपले गवंडी आपल्याच कामावर घरी बसले तर मला ते सहन होणार नाही.

आता काम तुमच्याकडे. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर वाद अडलाय. बाजूच्या भिंतींवर काँक्रीटचा पट्टा फिरतोय, छपराच्या कैच्या धरून ठेवायला भिंतीत लोखंडी पट्ट्याही पुरल्यात, म्हणजे वारा आतून शिरून छप्पर उचलणार नाही. पण त्रिकोणाला मागून आधार नाही. मुख्य गवंडी म्हणतात, उतारावरही पट्टा घालू. इंजिनिअर म्हणतात, सिमेंट पुरणार नाही, वरचा त्रिकोण लाकूड आणि पत्र्याचा हलका करू. १९९३ च्या भूकंपानंतर तुम्ही किल्लारीकडं बांधायला गेला होतात, तेव्हा असल्या भिंतीचं काय केलंत? मी दोघांना तुमचं नाव सांगून ठेवलंय. फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवलेत, ते बघा आणि रविवारच्या आत बोलून कळवा. तुमच्याकडे दुपारचे साडेतीन असतात तेव्हा इथं बारा वाजतात, त्या वेळी आम्ही सगळे सावलीत बसलेले असतो. तुम्ही मराठीतच सांगा, मी त्यांना समजावते.

कोयनेतून पाणी सोडायला लागले तर खालचं सामान लगेच वर हलवा, दादाची वाट बघत बसू नका. वहिनीला आणि पोरांना सलाम. मावशीच्या गुडघ्यासाठी प्रार्थनेत आठवण ठेवते आहे.

तुमची
धाकटी