सोबतच्या गाण्यांविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या आवडत्या रॉक आणि पॉप गाण्यांपैकी काहींचे व्हिडिओ आज तुम्हांला पाठवीत आहे. या गाण्यांचे शब्द कळत नाहीत आणि चित्र तर क्षणभरही डोळ्यांसमोर ठरत नाही, ही बाबांची तक्रार जुनी आहे, आणि तिच्या उत्तरार्धाशी मी पूर्ण सहमत आहे. म्हणून निवड करताना मी एवढेच पाहिले की, शब्द एकही कळला नाही तरी नुसत्या पाहण्यातून गाणे पोहोचले पाहिजे. त्यामुळे माझी कित्येक लाडकी गाणी बाहेर राहिली, पण त्याला इलाज नाही.

सुरुवात क्वीन या ब्रिटिश गटाच्या १९७५ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'पासून करावी. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बल्सारा; जन्म झांझिबारचा, घराणे पारशी आणि शाळा पाचगणीची. गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे आहे. त्याच्या मधल्या, ऑपेराच्या (पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या) ढंगातल्या भागात गटातल्या तिघांचे आवाज एकावर एक इतक्या वेळा ध्वनिमुद्रित केलेले आहेत की तो भाग मंचावर जसाच्या तसा गाणे शक्यच नव्हते. शिवाय दौरा तोंडावर आलेला असल्यामुळे दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाला हजर राहणेही अवघड होते. यावर तोडगा म्हणून दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी सुमारे चार तासांत हे चित्रीकरण उरकले. एका चेहऱ्यामागे त्याच चेहऱ्याची रांग दूरवर जाताना दिसते, ती नंतर जोडलेली करामत नव्हे. कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवला की समोरासमोर धरलेल्या आरशांप्रमाणे चित्रात चित्र उमटत जाते, इतकी ती साधी युक्ती आहे. शेवटाकडे गिटारचा कल्लोळ सुरू झाला की आईने खुशाल आवाज कमी करावा.

नॉर्वेच्या आ-हा या गटाचे 'टेक ऑन मी' आईला निश्चित आवडेल, कारण त्यात सरळ एक गोष्ट आहे: चित्रकथा वाचत बसलेल्या मुलीला पानावरचा नायक हात पुढे करून आत बोलावतो. आधी माणसांचे चित्रीकरण करून मग त्यातील एकेका चौकटीवरून पेन्सिलीने रेखाटने काढलेली आहेत. अशी सुमारे तीन हजार रेखाटने करण्यात कित्येक आठवडे गेले. हे गाणे याआधी एकदा प्रसिद्ध होऊन फारसे चाललेले नव्हते. १९८५ मध्ये ते नव्याने ध्वनिमुद्रित होऊन या व्हिडिओसह आले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. चाल गोड आहे, पण हे श्रेय मी त्या पेन्सिलीलाच अधिक देईन.

श्रमांचा विषय निघाला आहे तर बाबांसाठी ब्रिटिश गायक पीटर गेब्रियल यांचे १९८६ सालचे 'स्लेजहॅमर' आहे. वस्तू किंचित हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा किंचित हलवायची, या पद्धतीने त्यातील बहुतेक दृश्ये केलेली आहेत, आणि येथे ती वस्तू म्हणजे खुद्द गायकाचा चेहरा आहे. त्याच्याभोवती फळे जमतात, आगगाडी फिरते, डोक्यावरून ढग जातात. यासाठी गेब्रियल तब्बल सोळा तास काचेखाली पडून राहिले होते. मध्येच सोललेल्या दोन कोंबड्या नाचू लागतात. त्यांना हलवणारे निक पार्क पुढे मातीच्या बाहुल्यांच्या ॲनिमेशनपटांसाठी जगभर नावाजले गेले. हा प्रकार पोरकट आहे असे बाबा म्हणतील, आणि तो आहेच. पण पोरकटपणासाठी इतकी चिकाटी दाखवणारे लोक मला फार आवडतात.

याच्या अगदी उलट टोकाला आयरिश गायिका शिनेड ओकॉनर यांचे १९९० सालचे 'नथिंग कंपेअर्स टू यू' आहे. येथे जवळजवळ सारा वेळ पडद्यावर केवळ एक चेहरा दिसतो. गीत प्रिन्स या अमेरिकन गायक-गीतकाराचे आहे. त्यात आईचा उल्लेख येतो तेथे गायिकेच्या डोळ्यांतून पाणी ओघळते, आणि ते अभिनयाचे नव्हते. १९८५ मध्ये अपघातात गेलेल्या स्वतःच्या आईची तेव्हा आठवण झाली, असे तिने पुढे सांगितले होते. एवढे माहीत असले की बाकी काही समजावून द्यावे लागत नाही.

अमेरिकन गायक जॉनी कॅश यांचे 'हर्ट' पाठवावे की नाही, याचा मी बराच विचार केला. मूळ गाणे नाइन इंच नेल्स या गटाच्या ट्रेंट रेझनर यांचे, एका तरुण माणसाच्या हताशेचे. सत्तरीतल्या, आजाराने खंगलेल्या कॅश यांनी ते गायले आणि दिग्दर्शक मार्क रोमानेक यांनी ते त्यांच्याच बंद पडलेल्या संग्रहालयात चित्रित केले. मध्ये मध्ये त्यांच्या तरुणपणीची दृश्ये येतात, आणि पत्नी जून कार्टर जिन्यावर उभ्या राहून त्यांच्याकडे पाहताना दिसतात. व्हिडिओ २००३ मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या पत्नी आणि सप्टेंबरात स्वतः कॅश वारले. तो पाहिल्यावर हे गाणे आता आपले राहिले नाही, असे रेझनर यांनाही वाटले. म्हातारपण इतके न सजवता दाखवलेले मी अन्य कोठे क्वचितच पाहिले आहे, आणि तुम्हांला अवघड गोष्टींपासून जपून ठेवावे असे मला वाटत नाही. मात्र तो पाहून झाल्यावर लगेच उठू नये. त्यानंतर फॅटबॉय स्लिम या ब्रिटिश संगीतकाराचे २००१ सालचे 'वेपन ऑफ चॉइस' अवश्य लावावे. त्यात साठीकडे झुकलेले अभिनेते क्रिस्टोफर वॉकेन एका निर्मनुष्य हॉटेलात सूट-टाय घालून एकटेच नाचतात, टेबलावर चढतात आणि शेवटी हवेत उडतातसुद्धा. तरुणपणी त्यांनी रंगभूमीसाठी नृत्याचे शिक्षण घेतलेले होते, हे त्यांच्या पावलांवरून आईच्या चटकन लक्षात येईल.

सारे एका बैठकीत पाहण्याचा आग्रह नाही. काय आवडले नाही तेही मोकळेपणाने कळवावे. बाबांच्या शेऱ्यांची मी विशेष वाट पाहते आहे.

तुमची,
लेक