बोगमाळोची विमाने आपल्या मुलांना दाखवू या : सहलीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आयएनएस विराट ही विमानवाहू युद्धनौका निवतीच्या समुद्रात कायमची उभी करून तिथे संग्रहालय करायचे, असा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2018 मध्ये घेतला, तेव्हा वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात केवढा आनंद झाला होता! 852 कोटींचा तो प्रकल्प उभा राहिलाच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये विराट तोडण्यासाठी गुजरातेत अलंगला गेली. त्याआधी 2014 मध्ये आपली पहिली विमानवाहू युद्धनौका, जुनी विक्रांत, मुंबईत दारूखाना या जहाजे तोडण्याच्या जागी मोडीत निघाली होती. आपल्या मुलांना या दोन्ही जहाजांच्या डेकवर पाय ठेवायला आता कधीच मिळणार नाही, याची हळहळ आम्हाला आहे.

पण त्या डेकवरून जी विमाने उडत, ती अजून बघायला मिळतात, तीही एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. गोव्यात दाबोळी विमानतळाला लागूनच बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. 1998 साली ते सुरू झाले. आमच्या वाचनालयाने ठरवले आहे की, पंचक्रोशीतल्या जिल्हा परिषद शाळांमधल्या सातवीच्या सगळ्या मुलामुलींना तिथे न्यायचे. एकाही मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्यासाठी हे आवाहन.

तिथे काय आहे, हे थोडे सविस्तर सांगतो. मैदानात सी हॉक उभे आहे. 18 मे 1961 रोजी विक्रांतवर पहिले जेट विमान उतरले ते याच जातीचे. ते उतरवणारे लेफ्टनंट ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. या विमानांच्या शेपटीखाली एक आकडा (हूक) असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एक त्यात अडकला की विमान थांबते. नाही अडकला, तर लगेच वेग घेऊन पुन्हा हवेत. बल आणि गती हा धडा पुस्तकातून शिकवताना शिक्षकांची जी दमछाक होते, ती तो आकडा दाखवला की निम्मी कमी होईल, असे आम्हाला मनापासून वाटते.

1971 च्या युद्धात विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि वेग नाही तर उड्डाणासाठी समोरून हवा तेवढा वारा मिळत नाही. तरीही 4 डिसेंबरला सी हॉक विमाने विक्रांतवरून उडाली आणि त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, कॉक्स बाजारवर हल्ला केला. 4 डिसेंबर हा आपला नौदल दिन. 2023 मध्ये तो मालवण-तारकर्लीला साजरा झाला, तेव्हा यातल्या कित्येक मुलांनी डोक्यावरून जाणारी विमाने पाहिली आहेत. त्या विमानांच्या आधीच्या पिढ्या बोगमाळोला आहेत. पाणबुड्या शोधणारे, पंख दुमडणारे आलिझे आहे. नौदलाच्या अगदी पहिल्या विमानांपैकी, पाण्यावरही उतरणारे सीलँड आहे. इंजिनाचे झोत खाली वळवून जागच्या जागी उतरणारे, विराटवरचे सी हॅरियर आहे.

आणि सुपर कॉन्स्टेलेशन! चार इंजिने, शेपटीला तीन उभे पंख. एअर इंडियाचे प्रवासी विमान म्हणून आले, मग हवाई दलात गेले आणि शेवटी नौदलात समुद्रावर टेहळणी करू लागले. इतके देखणे विमान मुलांनी चित्रात नव्हे, खाली उभे राहून बघायला हवे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ही विमाने उघड्यावर आहेत, त्यामुळे पुढे कधीतरी जाऊ असे म्हणत बसण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्या की टप्प्याटप्प्याने मुलांना न्यायचे आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून शनिवार धरला आहे. एस.टी.ची प्रासंगिक करारावरची गाडी, सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण आणि तिकीट मिळून एका मुलामागे साधारण 600 रुपये लागतील. एका मुलाचा खर्च उचला, एका शाळेचा उचला, किंवा फूल ना फुलाची पाकळी म्हणून जमेल तेवढे द्या.

पैशांइतकीच आणखी एका मदतीची गरज आहे. आपल्या कोकणातून कितीतरी जण नौदलात गेले. त्यांतले कोणी या विमानांवर मेकॅनिक म्हणून राबले असतील, कोणी विक्रांत-विराटवर दिवस काढले असतील. अशा माजी नौसैनिकांनी एक दिवस मुलांबरोबर यावे, ही हात जोडून विनंती. फलकावरचा मजकूर मुले वाचतीलच, पण डेकवर रात्री विमान कसे उतरवतात हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचे आहे. वास्को आणि मडगावातल्या मराठी मंडळींनी एखाद्या शनिवारच्या जेवणाची सोय केली, तर मोठाच भार हलका होईल. जाहिरातीचे फलक आणि छापील टोप्या मात्र स्वीकारणार नाही.

देणगी वाचनालयात रोज संध्याकाळी रोख किंवा धनादेशाने स्वीकारली जाईल. पावती मागून घ्यावी. प्रत्येक सहलीनंतर जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावू. पैसे उरले, तर त्यातून शाळांना विमानांवरची मराठी पुस्तके देऊ.

आपली नम्र,
वाचनालयाची कार्यकारिणी