बोट रुंद करू नका, उलांडी लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पायाने चालवायच्या बोटींवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यात 'बोट जितकी रुंद तितकी चांगली' असं जे ठोकून दिलंय ते वाचून राहवलं नाही. याच समजुतीपायी मी माझी पहिली बोट बांधली होती. प्लायवूडची, सपाट तळाची, सव्वा मीटर रुंद. उलटायची नाही हे खरं, पण पुढेही सरकायची नाही हो! अर्धा तास पेडल मारून मांड्या भरून यायच्या आणि काठावरून चालणारा माणूस आरामात पुढे निघून जायचा.

मुळात धडधाकट माणूस तास-दोन तास सलग १०० ते १५० वॉट देतो, फार तर. आणि पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते, बोट लाटा उठवायला लागली की त्याहूनही जास्त. म्हणून ती लांब आणि चिंचोळी हवी. माझी दुसरी साडेपाच मीटर लांब आणि पाण्यापाशी जेमतेम ४५ सेंमी रुंद. पहिल्याच दिवशी मागे ठेवलेली बाटली घ्यायला वळलो आणि थेट पाण्यात. बाटली तरंगत होती, चष्मा गेला.

मग उलांडी लावली, म्हणजे बोटीपासून थोडा दूर, आडव्या दांड्यांवर बांधलेला तरंगता आधार, दोन्ही बाजूंना. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, सव्वा मीटरच्या आसपास, दोन्ही टोकं पक्की बंद केली की एक पाइप ११ लिटर पाणी बाजूला सारतो म्हणजे ११ किलो उचलतो, आणि तो मधल्या रेषेपासून १ मीटर लांब असेल तर ८० किलोचा माणूस १० सेंमी कलला तरी आरामात सांभाळतो (माणसाचे ८० किलो गुणिले ०.१ मीटर म्हणजे ८, पाइपचे ११ किलो गुणिले १ मीटर म्हणजे ११). १५ सेंमी कललात तर १२ होतात, तिथे मात्र बोटीच्या स्वतःच्या तोलावर भिस्त, म्हणून मी नंतर दांडे थोडे लांब केले आणि सीट खाली घेतली. गंमत म्हणजे बोट सरळ असताना दोन्ही पाइप पाण्याच्या ३-४ सेंमी वर पाहिजेत, कललं की एकच टेकतो. दोन्ही कायम पाण्यात ठेवले तर तुम्ही एकाऐवजी तीन बोटी ओढताय! पाइपचं पुढचं टोक थोडं वर वळवायचं, नाहीतर लाटेत नाक खुपसतं.

बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याबद्दल (प्रॉपेलर) लेखात दोनच ओळी होत्या, खरी मेख तिथेच आहे. मोटरबोटीचा छोटा पंखा जोरात फिरवला की थोडं पाणी खूप वेगाने मागे फेकलं जातं, ताकद तिथेच वाया. मोठा, बारीक पात्यांचा पंखा सावकाश फिरवला तर भरपूर पाणी हळूच मागे ढकललं जातं. माझा दोन पात्यांचा, ४० सेंमीचा, पेडल मिनिटाला ६० आणि गिअर चारपट म्हणजे पंखा २४०. पंख्याचा दांडा (शाफ्ट) वर उचलता येईल असा ठेवा, शेवाळ नाहीतर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली की कळेल का ते.

हे सगळं खेळणं वाटत असेल तर जेसन लुइस आणि स्टीव्ह स्मिथ यांनी १९९४-९५ मध्ये २६ फुटी पेडल बोटीतून अटलांटिक पार केला, बोटीचं नाव चक्क 'मोक्ष'. आणि १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या 'डेकाव्हिटेटर' या पेडल बोटीने १८.५ नॉट, म्हणजे ताशी ३४ किमी गाठले, पण ती पाण्याखालच्या फॉइलवर (विमानासारख्या पंखांवर) उचलली जाणारी आणि तिचा पंखा हवेत, १०० मीटरपुरती. ते आपल्या कामाचं नाही.

एक विनंती, लेखातल्या चित्रात दोन्ही उलांड्या अर्ध्या बुडालेल्या दाखवल्यात. चित्र बघून कोणी तशीच बांधायला घेण्याआधी तेवढी दुरुस्ती छापा.

आपला,
एक नियमित वाचक