‘शिन’ हा धनप्राप्तीचा ताईत नव्हे

महोदय,

सांगलीच्या बाजारात हल्ली तीन शेंडे वर काढलेल्या एका हिब्रू अक्षराची लॉकेटे ‘धनप्राप्तीचा ताईत’ म्हणून विकली जातात, याचे वाईट वाटते. हे अक्षर ‘शिन’. ईश्वराच्या ‘शद्दाय’ (याचा अर्थ सर्वसाधारणपणे ‘सर्वशक्तिमान’ असा लावतात) या नावाचे ते आद्याक्षर. म्हणूनच ज्यू घरांच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या चौकटीवर बसवलेल्या ‘मेझुझा’च्या नळीवर ते बहुधा कोरलेले असते. अलिबागकडे एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू, घरात मी ती नळी जवळून पाहिली. जेमतेम बोटभर लांब, आणि घरातल्या आजी येता-जाता तिला बोटे टेकवून ती ओठांना लावत होत्या. पण खरे मोल आतल्या चर्मपत्राचे! ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले दोन उतारे, एकूण ७१३ अक्षरे, २२ ओळींत हाताने लिहिलेले असतात आणि त्यातले एक अक्षर जरी सदोष असले तरी ते चर्मपत्र धर्मदृष्ट्या चालत नाही. प्रार्थनेच्या वेळी कपाळावर बांधायच्या ‘तेफिलीन’च्या पेटीवरही शिन असते, एका बाजूला तीन शेंड्यांचे, तर दुसऱ्या बाजूला चार.

धनलाभाशी याचा काडीचाही संबंध नाही. बेने इस्रायली समाज पिढ्यानपिढ्या आपलीच मराठी बोलत आला आहे, तेव्हा त्याच्या या परंपरेची नीट ओळख आपल्या पुरवणीतून करून द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली