उपोषणाचे मधले दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'हंगर' (२००८) या चित्रपटावर टिपण होते. त्यात शेवटचा, उपोषणाचा भाग रेंगाळतो असे म्हटले आहे. मला तर तोच चित्रपटाचा प्राण वाटला.

उत्तर आयर्लंडमधल्या मेझ तुरुंगात बॉबी सॅण्ड्स यांनी, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेच्या कैद्याने, १ मार्च १९८१ रोजी अन्न सोडले. आम्ही गुन्हेगार नव्हे, राजकीय कैदी आहोत. तुरुंगाचे कपडे घालणार नाही, तुरुंगाचे काम करणार नाही, हे त्यांचे म्हणणे. उपोषण चालू असतानाच ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि ६६व्या दिवशी, ५ मे रोजी, गेले. वय २७. त्यांच्यामागून उपोषणाला बसलेले आणखी नऊ कैदी गेले. एवढे कुठल्याही बातमीत मावते. दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्क्वीन बातमीत न मावणारे दाखवतात: पाठीवरच्या जखमा, खाटेशेजारी तसेच पडून राहिलेले ताट, आणि अंगाला पांघरूणही सोसवेना म्हणून चादरीखाली उभी केलेली चौकट. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात आम्ही पुठ्ठ्याचे खोके कापून तशी चौकट केली होती. पडद्यावर ती दिसली आणि मला पुढचे काही क्षण बघवेना.

सॅण्ड्स यांच्या संघटनेचा बंदुकीचा मार्ग मला मान्य नाही. चित्रपटही तो झाकत नाही. कैद्यांना मारून सोलवटलेली बोटे पाण्यात बुडवणारा तुरुंगरक्षक पुढे स्वतःच्या आईसमोर गोळीला बळी पडतो.

आपले जतीन दासही लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना नीट वागणूक मिळावी म्हणूनच ६३ दिवस उपाशी राहिले आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले. अवघे २४ वर्षांचे होते. त्यांना नळीने बळजबरीने दूध पाजले, ते फुप्फुसात गेले. शाळेत आम्ही ६३ हा आकडा पाठ केला. त्यातला तिसावा दिवस कसा गेला असेल, पन्नासावा कसा, हे कुणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

आपल्या वृत्तपत्रांत उपोषणाची बातमी माणूस बसतो त्या दिवशी येते, नंतर एकदम लिंबूपाण्याच्या पेल्याच्या फोटोसह. मधल्या दिवसांत वजन किती उतरले, उठून बसता येते का, डॉक्टर काय म्हणाले, हे रोज दोन ओळींत छापता येईल. जिल्ह्यात यापुढे कुणी उपोषणाला बसले तर आपल्या दैनिकाने एवढे जरूर करावे, ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा